पंगत आणि पगार

१९१० च्या जूनमध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात जगभरच्या प्रोटेस्टंट मिशनांची परिषद भरली होती. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, आणि त्यांत आशियातली माणसं जेमतेम विसाच्या घरात. बाकी सगळे युरोप-अमेरिकेतले: मिशन संस्थांचे सचिव, बिशप, देणगीदार, चीन-हिंदुस्थानात उमेदीची वर्षं घालवून आलेले मिशनरी. एका पिढीत सगळ्या जगाला सुवार्ता पोचवायची, असा जोश होता. अशा सभेत एका संध्याकाळी पस्तिशीतला एक तमिळ गृहस्थ बोलायला उभा राहिला. वेदनायकम सॅम्युएल अझरय्या. त्याला दिलेला विषय तसा निरुपद्रवी वाटणारा होता: परदेशी आणि देशी कामकऱ्यांमधलं सहकार्य.

अझरय्यांनी गोड बोलून वेळ निभावली नाही. हिंदुस्थानात मिशनरी आणि देशी कामकरी यांच्यात कामाचे संबंध आहेत, मैत्री मात्र क्वचितच दिसते, असं त्यांनी सरळ सांगितलं. एकमेकांच्या घरी जाणं नाही, एकत्र जेवणं नाही. आणि त्यामागचं कारणही त्यांनी उघड केलं: एक पगार देणारा, दुसरा पगार घेणारा. हे धनी-चाकराचं नातं आहे तोवर दोघांचीही मनं मोकळी व्हायची नाहीत. देशी माणसांवर खरी जबाबदारी टाका, त्यांच्या हातून चुका होतील त्या होऊ द्या, हे त्यांचं म्हणणं. शेवटी मिशनऱ्यांच्या त्यागाची त्यांनी मनापासून कदर केली. तुम्ही अन्न दिलंत, देह झिजवलेत, पण आम्हाला मित्र हवे आहेत, अशा आशयाचं मागणं मागून ते खाली बसले. सभागृहात अनेकांना ते झोंबलं. नंतर मात्र त्या परिषदेतली ठरावांची भेंडोळी विसरली गेली आणि हे भाषण लोकांच्या लक्षात राहिलं.

या भाषणाचं नेहमी शेवटचं टोक उचललं जातं, मैत्रीचं. ते भावतं आणि सोपंही आहे. माझ्या मते त्यातला कठीण भाग मधला आहे, पगाराचा. मिशनऱ्याची नम्रता कशावरून ओळखायची, असं विचारलं की आपण पंगतीकडे बोट दाखवतो: तो आमच्यात जमिनीवर बसला, भाकरी खाल्ली, आमची भाषा शिकला. या गोष्टी मोलाच्या आहेतच. पण पंगत उठल्यावर पैशाच्या वहीवर सही कोणाची, कोणाला कुठे नेमायचं हे ठरवणार कोण, आणि आलेल्या पाहुण्याला 'हे नको' म्हणायची मुभा कोणाला, हे विचारल्याशिवाय नम्रतेची परीक्षा होत नाही. महाराष्ट्र आणि गोव्याच्या इतिहासात या परीक्षेचे दाखले भरपूर आहेत.

पहिला दाखला गोव्याचा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला, सालसेतच्या माणसांत राहिला आणि तिथेच १६१९ मध्ये वारला. १६१६ मध्ये त्याचं क्रिस्तपुराण छापून निघालं: दहा हजारांहून अधिक ओव्या, अस्सल मराठी वळणाच्या. परक्या माणसाने एखाद्या भाषेपुढे याहून अधिक लवून उभं राहणं कठीण. कोकणीचं व्याकरणही त्याने लिहिलं. पण त्याच्या पाठीशी पोर्तुगीज सत्तेची तलवार होती. १६८४ मध्ये त्याच सत्तेने फर्मान काढून कोकणी बंद करायला आणि लोकांनी पोर्तुगीज बोलायला फर्मावलं. एका माणसाने आयुष्यभर जपलेली भाषा एका हुकुमाने नाकारली गेली, कारण हुकूम काढणाऱ्या खोलीत ती भाषा बोलणाऱ्यांना जागाच नव्हती. स्टीफन्सचं प्रेम खरं होतं. त्याच्या ओव्या आजही अभ्यासल्या जातात. त्याच्या प्रेमाला अधिकाराचं पाठबळ मात्र कधी मिळालं नाही.

आता नगरकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशनची पहिली माणसं, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरली. कंपनी सरकारला ती नको होती. १८३१ पासून मिशनने अहमदनगरात बस्तान बसवलं. मिशनच्या सिंथिया फरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांच्या मनात पुण्यातल्या शाळेने आकार घेतला, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे दुष्काळ आले, १८७६ चा आणि मग शतक संपता संपताचे, त्याहून भीषण. मिशनने अन्नछत्रं चालवली, कामं काढली, अनाथ पोरं जवळ घेतली. महार आणि मांग समाजातली कितीतरी कुटुंबं त्या काळात मंडळीत आली. जीव वाचले, पोरं शाळेत गेली. हे ऋण कोणी नाकारू नये आणि नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत कोणी नाकारतही नाही.

पण त्याच घरांत जरा वेळ बसलं की दुसरी बाजूही ऐकू येते. मास्तर मिशनचा, सुवार्तिक मिशनचा, बायबल बाई मिशनची. पाळकाचा पगारही मिशनकडून, मग पाळक मंडळीपेक्षा मिशनऱ्याच्या बंगल्याकडे जास्त बघणार. मायबाप सरकारसारखं मायबाप मिशन झालं. गावातली मंडळी देणं शिकली नाही, कारण तिच्याकडून कोणी मागितलंच नाही. ज्याच्याकडून मागत नाहीत, त्याला विचारतही नाहीत. याचा दोष कोणा एका मिशनऱ्याच्या स्वभावावर टाकता येणार नाही. रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूमसारखे लोक, मुंबईतच जन्मलेले, मराठी सहज बोलणारे, दुष्काळात जिवाचं रान करणारे, यांच्या सज्जनपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. रचनाच अशी होती की भल्या माणसाच्या हातूनही धनीपण सुटत नव्हतं.

ही गाठ ज्याने ओळखली तो नगरचाच मराठी कवी. नारायण वामन टिळक. रत्नागिरीकडच्या करजगावचे चित्पावन, जन्म १८६१ चा. राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, ही कथा मराठी वाचकाला परिचित आहे. त्यापुढची गोष्ट तितकी सांगितली जात नाही. बाप्तिस्मा घ्यायचा ठरला तेव्हा तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून घ्यायचा नाही, देशी पाळकाच्याच हातून घ्यायचा, असा टिळकांचा आग्रह होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत पाळक तुकाराम नथोजी यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. आपण ख्रिस्ताकडे आलो आहोत, अमेरिकेकडे आलेलो नाही, हे त्यांना पहिल्याच पावलावर दाखवायचं होतं.

पुढली वीसेक वर्षं टिळकांनी मिशनच्या नोकरीतच काढली. नगरच्या धर्मशिक्षणशाळेत शिकवलं, मिशनच्या 'ज्ञानोदय' नियतकालिकाचं मराठी अंग सांभाळलं. भजनं, अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तनाला आपली प्रतिभा दिली. इंग्रजी चालींवर मराठी शब्द ओढूनताणून बसवलेली भाषांतरित गीतं मागे पडू लागली. आजही मराठी मंडळीत 'उपासना संगीत' उघडलं, पेटी-तबला जुळला आणि टिळकांचं भजन सुरू झालं की म्हातारी माणसं पुस्तकाकडे न बघता गातात. नगर भागातल्या उपासनेत हे पाहण्यासारखं असतं. संदेशाच्या वेळी चुळबुळणारी पोरंसुद्धा त्या चालीवर टाळी धरतात.

मिशनला याचा आनंदच होता, त्याचं कौतुकही झालं. पण टिळकांचं समाधान झालं नाही. आपलं पद गायलं जातं आणि आपला पगार बोस्टनच्या संस्थेकडून येतो, ही विसंगती त्यांना सहन होईना. पगारी सुवार्तिकाचं बोलणं लोक पगारी बोलणं म्हणूनच ऐकतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. कोणत्याही मिशन समितीच्या मंजुरीवाचून एका मराठी माणसाने उभी केलेली ही मंडळी. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ ला, टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांच्या 'ख्रिस्तायन' या काव्याचं अपुरं काम पत्नी लक्ष्मीबाईंनी नेटाने पुढे नेलं. दरबार फसला म्हणून तो विचार चुकीचा होता, असं मला वाटत नाही. एडिंबरात अझरय्यांनी जे मागितलं, ते टिळकांनी कोणाकडे न मागता स्वतः घेऊन पाहिलं.

लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' पुन्हा उघडून बघा. मिशनमधली माणसं त्यात देवदूत म्हणून येत नाहीत आणि खलनायक म्हणूनही येत नाहीत. शेजारीपाजारी येतात तशी येतात. मला वाटतं, मिशनऱ्यांकडे बरोबरीच्या नजरेने पाहणारं मराठीतलं पहिलं मोठं पुस्तक हेच.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याच काळातली, पण तिचा पीळ वेगळा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या अँग्लिकन भगिनींनी त्यांना आश्रय दिला, माया दिली. आणि मग सुरू झाला तो पत्रव्यवहार, जो ए. बी. शहांनी १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. सिस्टर जेराल्डीन रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांची अपेक्षा की मुलीने आज्ञा मानावी. रमाबाई संस्कृतच्या पंडिता, देशभर पायी फिरलेल्या, आई-वडील आणि भाऊ गमावलेल्या, पुढे नवराही गेलेला, कडेवर छोटी मनोरमा. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न आला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला: हिंदी बाईने असं केलं तर मायदेशात तिच्याबद्दल काय बोलतील? रमाबाईंना संताप आला तो या निर्णयाचा तर होताच, पण तो आपल्याला न विचारता घेतला गेला याचा अधिक. गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरं लॅटिन का, संस्कृत का नकोत, हाही वाद झाला. आता तो बारीकसा वाटेल, पण लॅटिनमध्ये अधिक पावित्र्य कुठून आलं, हे विचारणारी बाई तेव्हा तिथे एकटीच होती.

त्या भगिनी दुष्ट नव्हत्या. जेराल्डीनबाईंची माया पत्रांतून दिसते. अवघड प्रकरण तेच आहे. मायेने घातलेला धाक ओळखायला वेळ लागतो आणि झिडकारायला धैर्य लागतं. रमाबाईंनी तो झिडकारला, नातं मात्र तोडलं नाही. पुढे अमेरिकेत त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, वर्षानुवर्षं पैसा आला, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पैसा बोस्टनचा, पण सदन कसं चालवायचं ते रमाबाई ठरवणार. त्या काळी पैसा आणि अधिकार अशा दोन वेगवेगळ्या हातांत असणं दुर्मीळ होतं.

केडगावच्या मुक्ती मिशनला जाऊन पाहावं, असं मी प्रत्येक मराठी वाचकाला सांगेन. पुणे-दौंड लोहमार्गावरचं स्टेशन. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली, विधवा, अंध बायका यांचं हे गाव रमाबाईंनी वसवलं. परदेशी बायका इथे कामाला आल्या, त्यांत अमेरिकेची मिनी अब्राम्ससारखी नावाजलेली मिशनरीही होती. त्या रमाबाईंच्या हाताखाली राबल्या. ही उलटी उतरंड नीट ध्यानात घ्यावी: विसाव्या शतकाच्या आरंभी, ब्रिटिश राजवटीत, गोऱ्या मिशनरी बाया एका मराठी विधवेच्या आज्ञेत. मुक्तीचा स्वतःचा छापखाना होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणलं, त्याचे खिळे तिथल्या मुली आणि बायकाच जुळवत. काही वर्षांपूर्वी अक्षर ओळखत नसलेली बाई हातात खिळा धरून पवित्र शास्त्राचं पान बांधते आहे, हे चित्र मला कुठल्याही मिशन अहवालापेक्षा मोठं वाटतं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झालं.

त्याच १९२२ मध्ये नगरात एका इंग्रजाने उलट बाजूने सुरुवात केली. जॅक विन्स्लो. टिळकांच्या सहवासाने तो पुरता बदलून गेला होता, त्यांचं चरित्रही त्याने लिहिलं. त्याने ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला: हिंदी आणि युरोपीय एकाच छपराखाली, खादीचे कपडे, जमिनीवर बैठक, शाकाहार. संघ पुढे पुण्याला शिवाजीनगरात आला. १९२७ मध्ये इंग्लंडहून आलेल्या तरुणांत व्हेरियर एल्विनही होता, पुढे आदिवासींमध्ये रमून गेलेला. स्वातंत्र्यलढ्याबद्दल या मंडळींची सहानुभूती उघड होती आणि सरकारला ती खुपत होती. पंगत इथे खरोखरच एक झाली. तरीही इंग्रज सभासद वाढले तसे संघाचे नियम इंग्लंडमधल्या मठांच्या वळणावर जाऊ लागले आणि १९३४ मध्ये संघ दुभंगला. त्यातली एक शाखा ख्रिस्त प्रेम सेवा संघ म्हणून पुण्यात राहिली. १९७२ मध्ये त्याच जागी अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनींनी मिळून आश्रम पुन्हा उभा केला, सिस्टर सारा ग्रँट त्यांतल्या एक. खादी नेसलेल्या, जीव लावणाऱ्या माणसांच्या हातूनसुद्धा घराचे नियम आपल्याकडे ओढले जातात, हे विन्स्लोच्या संघाने दाखवून दिलं. त्याचा हा प्रामाणिक अनुभव मला त्याच्या खादीपेक्षा मोलाचा वाटतो.

अझरय्यांचं पुढे काय झालं? १९१२ मध्ये ते दोर्नाकलचे बिशप झाले, पहिले हिंदी अँग्लिकन बिशप. त्यालाही विरोध झाला, गोऱ्यांचा आणि काही हिंदी ख्रिस्ती लोकांचाही. त्याआधीच ते स्वतः परक्या मुलुखातले मिशनरी झाले होते. तमिळ माणसांनी स्वतःच्या पैशाने १९०३ मध्ये तिरुनेलवेलीत मिशन संस्था काढली आणि माणसं तेलुगू मुलुखात पाठवली. अझरय्या तिथे तंबूत राहिले, तेलुगू शिकले, माला आणि मादिगा वस्त्यांत फिरले. पुढे दोर्नाकलचं कॅथीड्रल मंदिर-मशिदींच्या शिल्पवळणात बांधलं गेलं. आपल्याच देशातल्या दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या जातीत गेलेला माणूसही परकाच असतो, साहेबच होऊ शकतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून पगाराचा प्रश्न त्यांनी स्वतःलाही लावला आणि गरीब वस्त्यांतल्या लोकांनाही मुठीने का होईना, देण्याची सवय लावली.

एडिंबराच्या भाषणानंतर साठ वर्षांनी हाच प्रश्न आफ्रिकेतून आला. केनियाचे पाळक जॉन गातू यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी इथे सांगितलं की काही वर्षं तुमची माणसं आणि पैसा थांबवा, आम्हाला स्वतःच्या पायावर उभं राहून पाहू द्या. बऱ्याच जणांना तो कृतघ्नपणा वाटला. काहींनी मात्र कान दिला. १७९५ ची लंडन मिशनरी सोसायटी १९७७ मध्ये कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशन या नव्या रूपात आली. त्यात पूर्वीच्या 'घेणाऱ्या' चर्चेस बरोबरीने बसल्या. पैसा आणि माणसं कुठून कुठे जायची, हे एकत्र ठरू लागलं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात जन्मलेली चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही त्यात सभासद आहे. सगळं आदर्श झालं, असं मी म्हणणार नाही. पण पगाराची वही टेबलाच्या मधोमध आली, आणि ते सद्भावनेने झालं नाही. संस्थेची घटना बदलली म्हणून झालं.

आणि आता काटा आपल्याकडे वळला आहे. परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये आणखी आवळला गेला. पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत आधी उतरणार आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येणार नाही. देशातली मिशनं आता मोठ्या प्रमाणावर देशी पैशावर चालतात. मिझोरममध्ये १९१० पासून घरची बाई प्रत्येक स्वयंपाकाआधी चर्चसाठी मूठभर तांदूळ बाजूला काढते. त्या मुठीतून आज देशभर मिझो मिशनरी जातात. तमिळनाडूतून गुजरातेतल्या डांगात माणसं येतात. पुण्या-मुंबईच्या मराठी मंडळ्या पालघरच्या वारली पाड्यांवर, नंदुरबारच्या पावरा-भिल्ल गावांत कामं करतात.

तिथे आपली पुस्तकी मराठी ही साहेबाची भाषा आहे. गाडीतून उतरलेला गट, आठवड्याभरात रंगवलेली शाळेची भिंत, पाड्यावरच्या पोरांना ओळीत उभं करून काढलेले फोटो आणि शहरात परतल्यावर केलेलं सादरीकरण: नगरच्या बंगल्याबद्दल आपले आजे-पणजे जे बोलायचे, ते कुठल्यातरी पाड्यावर आज आपल्याबद्दल बोललं जात असेल. मूठभर तांदळाचा पैसा पवित्र असतो, पण देणाऱ्याचा हात वरच असतो.

म्हणून माझी एक सरळ विनंती आहे, मराठी मंडळ्यांच्या पंचांना आणि मिशन समित्यांना. नाताळच्या अर्पणातून जी रक्कम तुम्ही आदिवासी भागातल्या कामाला द्याल, तिचा हिशेब त्या गावातल्या बाया-माणसांच्या हाती द्या. समितीत त्यांना बहुमत द्या. कोण सुवार्तिक ठेवायचा, कोणती भाषा वापरायची, कोणता पाहुणा नको, हे त्यांना ठरवू द्या. चुका होतील, पैसे कधी वाया जातील, तरी वही परत मागू नका. आणि तिथले कोणी शहरात आले, तर त्यांना व्यासपीठावर साक्ष द्यायला उभं करण्याआधी घरी जेवायला बोलवा.